पीरमहंमद उस्तादाची शिसारी

जुन्नरच्या पेठेत पीरमहंमद शिकलगाराचं धार लावायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं एक छप्पर. त्याखाली लाकडी चौकटीत बसवलेलं दगडी चाक, चाकाच्या आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी, आणि ती वादी दोन्ही हातांनी मागंपुढं ओढणारी त्याची बायको खातून. ती ओढायची, चाक गरगरायचं आणि पीरमहंमद डोळे बारीक करून चाकाला पातं टेकवायचा. बाजाराच्या दिवशी शेतकरी विळे-कोयते आणून टाकत, न्हावी वस्तरे आणत, शिंपी कात्र्या. नवराबायको दिवसभर एकमेकांशी फारसं बोलत नसत. तशी गरजही पडत नसे.

माणूस मवाळ. कुणी अंगावर ओरडलं तरी आवाज चढायचा नाही. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर त्याला न उठवता वळसा घालून जाणारा. पेठेतल्या बाया हसायच्या, "याला शिकलगार कुनी केला? याला कापूस पिंजायला बसवायचा व्हता."

पण हाच माणूस हातात पट्टा चढवून उभा राहिला की बघणाऱ्याचं भान हरपायचं. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यातून निघालेलं लांब, सरळ, लवलवतं पातं. हलगी कडाडली की ते पातं दिसेनासंच व्हायचं. त्याच्या अंगाभोवती नुसती पांढरी धूसर गोलाई फिरत राहायची आणि वाऱ्याचा सूं सूं आवाज. मधेच तो कुणाला तरी बोलावून तळहातावर लिंबू ठेवायला सांगायचा. लिंबाच्या दोन फाका व्हायच्या आणि तळहाताला रसाचा थेंब तेवढा लागायचा. खेळ संपला की ज्यानं हात पुढं केला त्याच्या पाया पडायचा. मोहरमची मिरवणूक असो, गावोगावच्या जत्रा असोत, शिवजयंती असो, पीरमहंमद उस्तादाला बोलावणं असायचंच.

ही विद्या त्याला ओतूरच्या वजीर उस्तादानं दिली. वजीर उस्ताद आता नव्हता. हयात असताना त्यानं एकाच दिवशी दोन पोरांना गंडा बांधला होता. एक हा पीरमहंमद आणि दुसरा आंबेगाव तालुक्यातल्या बोरखिंडीचा कुंडलिक, खात्यापित्या घरचा शेतकऱ्याचा मुलगा. उस्तादाची एकच अट होती. "ज्याच्या पात्याला रगत लागलं त्यो हारला. समोरचा मेला तरी हारलाच." दोघांनी ती मान तुकवून कबूल केली होती. सुगीच्या दिवसांत पीरमहंमद महिना महिना कुंडलिकच्या घरी राहायचा. कुंडलिकची आई, साळुबाई, दोघांना एका ताटात वाढायची. घरात मुसलमानाचं पोर जेवतं म्हणून भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा ती म्हणाली होती, "माज्या चुलीला न्हाई इटाळ व्हत, तुमाला कशाला व्हतोय?"

पुढं पीरमहंमद जुन्नरला चाकाशी बसला आणि कुंडलिक गावात मोठा होत गेला. स्वराज्य आलं तशी त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. सणासुदीला फेटा असायचा, पण एरवी टोपी. तालुक्याला जाणं, साहेबांना भेटणं, गावातली भांडणं मिटवणं. कधीमधी जुन्नरला आला तर दुकानावर टेकायचा, चहा घ्यायचा, पीरमहंमदच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "पीऱ्या, आपला गंडा एक हाय बरं का." पीरमहंमदला तेवढं पुरायचं.

एका फाल्गुनात कुंडलिक कापडात गुंडाळलेली तलवार घेऊन आला. जुनी, जड, गंजानं खाल्लेली. म्हणाला, "वाडवडलांची हाय. चैतात आमच्या देवीची जत्रा. पूजेला ठेवायची. जरा साफ करून दे आन् धार लाव."

खातून वादी सोडून म्हणाली, "पूजेला धार कशाला, भाऊजी?"

"आता भाभी, देवीम्होरं बोथट तलवार ठिवायची व्हय?" कुंडलिक हसला. "आन् पीऱ्या, तू पन ये. पट्टा घिऊन ये. आमच्या गावानं तुजा खेळ बगितलेलाच न्हाई."

पीरमहंमदनं त्या तलवारीवर जीव लावला. गंज उतरवला, पाणी चढवलं, धार अशी लावली की अंगठा नुसता जवळ नेला तरी कातडीला कळावं. जुन्या गुरुबंधूच्या घरातली वस्तू, आणि तीही देवीपुढं राहणार. ती धार कशासाठी आहे हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

जत्रेच्या दिवशी तो एस.टी.नं नारायणगाव, तिथून मंचर आणि मंचरहून कुंडलिकनं पाठवलेल्या बैलगाडीतून बोरखिंडीला पोचला. साळुबाई दारात उभीच होती. थकली होती, पाठ वाकली होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नुसतं म्हणाली, "लई वाळलास रं, पीरू." मग का कोण जाणे, नजर चुकवून आत गेली.

तिसऱ्या प्रहरी देवळापुढच्या मैदानात त्याचा खेळ झाला. चांगला झाला. पण त्याच्या लक्षात आलं की लोक त्याच्याकडे बघत असले तरी वाट दुसऱ्याच कशाची तरी बघताहेत. पुढच्या रांगेत एकजण कागदातले फुटाणे तोंडात टाकत बसला होता. त्यानं मोठ्यानं जांभई दिली आणि ओरडला, "अवो उस्ताद, लिंबं कवर कापनार? कापा की कायतरी जितं!" लोक हसले. पीरमहंमदही कसनुसा हसला.

तेवढ्यात ढोल बदलला. गर्दी फाटली आणि चौघांनी दावी धरून रेडा आणला. अंगभर गुलाल, शिंगांना झेंडूच्या माळा, कपाळावर हळदीचा मळवट. बिचारा माळेचं लोंबतं टोक जिभेनं ओढून खायला बघत होता. बोरखिंडीत देवीला रेडा द्यायची रीत जुनी होती. एरवी गावातलाच एकजण कुऱ्हाडीनं ते उरकून टाकी. आज मात्र कुंडलिक पारावर चढला, हातात ती तलवार. उन्हात पातं लखलखलं. आपल्याच हातची चमक पीरमहंमदनं ओळखली.

"मंडळी!" कुंडलिक म्हणाला. "अवंदा कुराड न्हाई. आपल्या देवीचा मान जुन्नरचे पीरमहंमद उस्ताद करनार. एका घावात! माजा गुरुबंदू हाय, मी सबूद दिला व्हता, आज बगा."

लोकांनी आरोळी ठोकली. पीरमहंमद जागचा हलला नाही. कुंडलिक खाली उतरून त्याच्याजवळ आला, तलवारीची मूठ पुढं केली.

"घे."

"न्हाई."

"आता काय न्हाई? समदं गाव बगतंय."

"कुंडलिक, मी हे करनार न्हाई."

"तुला जमायचं न्हाई व्हय? तुला?"

"जमंल," पीरमहंमद हळू म्हणाला. "करायचं न्हाई. तू उस्तादाला काय कबूल केलं व्हतंस?"

कुंडलिकच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तो कानाशी वाकला. "उस्ताद मेला. मी गावाला जबान दिलीया."

"माजी जबान तू कशी काय दिलीस?"

मागून कुणीतरी शीळ घातली. दुसरा म्हणाला, "उस्तादाला घाम फुटला!" पुन्हा हशा. कुंडलिकचा चेहरा काळानिळा झाला. आता मागं फिरणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं धोतराचा सोगा खोचला, तलवार दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच रेड्याकडे वळला.

पुढं जे झालं ते पीरमहंमदला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. कुंडलिकनं तालीम सोडून बरीच वर्षं झाली होती, हात सुटलेला, त्यात पोटात दारू. पहिला घाव खांद्यावर बसला. रेड्यानं असा आवाज काढला की जवळच्या बैलगाड्यांचे बैल दावणीत उसळले. दुसरा घाव कुठंतरी वर, शिंगाच्या बुडाशी. जनावर गुडघ्यावर आलं, उठलं, पुन्हा कोसळलं. आणि लोक हसायला लागले. "अरं, लाकडं फोडतूय का काय!" "कुंडलिकराव, आमच्या म्हातारीला बोलवू का?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, बापांनी पोरांना नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं होतं. तो फुटाणेवाला माणूस उभा राहिला होता. त्याच्या सदऱ्यावर लाल शिंतोडा उडाला होता. त्यानं बोटानं तो पुसला, बोट धोतराला घासलं आणि त्याच हातानं कागदात हात घालून उरलेले फुटाणे तोंडात टाकले.

ते बोट पीरमहंमदनं पाहिलं आणि त्याच्या घशाशी आंबट आलं.

तो पुढं गेला. कुंडलिकच्या हातातून तलवार काढून घेतली. रेडा धापा टाकत पडला होता, एक डोळा आभाळाकडे. पीरमहंमदनं डाव्या हाताचा पंजा त्या डोळ्यावर ठेवला. ओठातल्या ओठात काही पुटपुटला. मग एकच घाव.

 नंतर जो काय कल्लोळ उठला! ढोल, शिट्ट्या, गुलालाच्या मुठी. त्याला कुणी उचललं, कुणी फेटा बांधला, कुणी नारळ हातात कोंबला. एका बाईनं अंगठा रक्तात बुडवून त्याच्या कपाळी ओढला. कुंडलिकनं त्याला कडकडून मिठी मारली. त्याचा सदरा ओला होता, चिकट होता. "राखलीस, पीऱ्या, अब्रू राखलीस! असा घाव मी जल्मात बगितला न्हाई!" त्या चिकट मिठीत पीरमहंमद लाकडासारखा उभा राहिला. गर्दीच्या डोक्यांवरून त्याला साळुबाई दिसली. ती गोठ्याच्या दाराशी तोंड फिरवून उभी होती.

नदीवर पोचेपर्यंत त्यानं कसंबसं आवरून धरलं. मग पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. फेटा त्यानं सोडून पाण्यात टाकला. कपाळ वाळूनं घासलं, इतकं की सोलवटलं.

जुन्नरला त्याच्याआधी बातमी पोचली होती. दुकानावर माणसं जमू लागली. विळा धारेला लावायचं निमित्त, आणि डोळे सगळे त्याच्या हाताकडे. "उस्ताद, एका घावात? खरंच?" "जरा दंड बगू द्या की." कुणी त्याला चहा पाजायला लागले, कुणी वाकून रामराम-सलाम करायला लागले. इतकी वर्षं तो तळहातावरचं लिंबू कापत होता तेव्हा यांतलं कुणी नीट नमस्कारसुद्धा करत नव्हतं. कुठल्या कुठल्या गावांतून बोलावणी आली, सगळी त्याच एका कामाची. पट्टा आणा असं कुणी म्हणेना. मोहरमच्या मिरवणुकीत तो खेळायला उतरला तर गर्दीतून हाका आल्या, "रेडा! रेडा! रेड्याचा घाव दावा!" त्यानं पट्टा उतरवला आणि मिरवणूक अर्ध्यावर सोडून घरी निघून आला.

जिथं तो पट्टा शिकवायचा त्या तालमीत एकदा संध्याकाळी गेला तर त्याच्याच शागिर्दांनी कडब्याची पेंढी दोन दगडांवर मानेसारखी आडवी ठेवली होती आणि पाळीपाळीनं घाव घालत होते. मोठे बाप्ये, मिशा फुटलेले. ज्याचा घाव चुकायचा त्याला बाकीचे हसायचे. अगदी तसंच हसणं. पीरमहंमदनं कडबा उचलला, बाहेरच्या गाईपुढं टाकला आणि तालमीला कुलूप घातलं.

खातून हे सगळं बघत होती. एकदा चाक थांबवून तिनं विचारलं, "बकरी ईदला कुर्बानी तुमीच करता. तवा तुमाला मळमळत न्हाई. मग याच्यातच एवढं काय?"

त्यानं हातातलं पातं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तवा कुनी हसत न्हाई."

"तेवढंच?"

"न्हाई," तो म्हणाला. "खातून, त्यो घाव... बेस बसला. हाताला कळलं. सगळं अंग वंगाळ झालं व्हतं, पन हात खूश झाला. अजूनबी कदी कदी हाताला आटवन येती. त्या फुटाने खानाऱ्याची मला शिसारी येती, कुंडलिकची येती, पन त्यांच्यापास्नं उठून लांब जाता येतं. ह्या हाताला घिऊन कुटं जाऊ?"

खातूननं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. लोखंडाच्या भुकटीनं दोघांचेही हात काळे होते.  थोड्या वेळानं तिनं पुन्हा वादी धरली.

वर्ष सरलं. पुन्हा चैत्राच्या तोंडावर कुंडलिक आला, या खेपेला जीपमधून. आता तो गावचा पुढारी म्हणून तालुक्यात ओळखला जाई. गेल्या जत्रेनं त्याचं नाव झालं होतं. पहिले दोन घाव लोक विसरले होते. उस्तादाला आणणारा कुंडलिक तेवढा त्यांच्या ध्यानात होता. "अवंदा पंचक्रोशी लोटनार," तो म्हणाला. "निरगुडसरापास्नं मानसं येनार. तू न्हाई म्हनू नगंस."

"येतो," पीरमहंमद म्हणाला.

खातूनचा हात वादीवर थबकला. कुंडलिक खूश होऊन गेला. जीप गेल्यावर ती म्हणाली, "जाऊ नका."

"पट्टा न्हेतो. तलवार त्याची त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे."

"म्हंजी काय करनार तुमी?"

"तिथं गेल्यावर कळंल."

बोरखिंडीत पोचला तेव्हा साळुबाई गोठ्यात होती. या वर्षीचा रेडा तिच्याच गोठ्यातला होता. त्याची आई विताना मेली होती आणि साळुबाईनं त्याला चिंधीनं दूध पाजून जगवला होता. कुंडलिकनं आईला न विचारताच त्याला देवीच्या नावानं सोडलं होतं. रेडा तिच्या लुगड्याचा पदर चघळत उभा होता आणि ती त्याच्या कानामागं खाजवत होती.

"पीरू, अवंदाबी तूच का रं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

पीरमहंमद तिच्याजवळ बसला. "मावशी, म्या एक इचारतो. मी मैदानात पट्टा खेळायला लागलो की तुमी आत याल? माज्या डाव्या अंगानं यायचं. पातं दिसंल, वारा लागंल, पन भ्यायचं न्हाई. याचं दावं सोडायचं आन् नदीच्या अंगानं घिऊन जायचं."

साळुबाईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "आन् तुजं काय करतील रं ही मानसं?"

"ते मला कळत न्हाई. तुमाला कोन हात लावनार न्हाई, येवडं म्हाईत हाय."

ती उठली आणि रेड्याच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ तिनं सोडून पुन्हा सैल बांधली.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, देवळाच्या भिंतीवर माणसं, गूळशेव खाणारी, विडी ओढणारी, गरमीनं घामेजलेली. त्या घामाचा, गुलालाचा आणि दारूचा मिळून एक वास झाला होता, तो पीरमहंमदच्या नाकात बसला. रेडा मधोमध खुंट्याला. कुंडलिकनं भाषण केलं. लोकांनी उस्तादाच्या नावानं जयजयकार केला. तो चारी दिशांना वाकला, पट्टा चढवला आणि रेड्याभोवती फिरायला लागला.

आधी लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे. हलगीवाला रंगात आला. पात्याचं रिंगण हळूहळू मोठं होत गेलं. पहिली रांग मागं सरकली, मग दुसरी. कुणीतरी गमतीनं लिंबू फेकलं, त्याच्या हवेतच दोन फाका झाल्या. टाळ्या पडल्या. मग आणखी लिंबं आली, एक पेरू आला, सगळं चिरून खाली पडलं. पीरमहंमद थांबत नव्हता. घाम डोळ्यांत जात होता. बघणाऱ्यांना एवढंच दिसत होतं की मधे एक रेडा शांत उभा आहे आणि त्याच्याभोवती पांढरं वादळ फिरतंय.

शेवटी कुंडलिक तलवार घेऊन पुढं आला. "बास आता, पीऱ्या. घे."

पीरमहंमदनं ऐकलं नाही.

"पीऱ्या! घे म्हंतो ना!" कुंडलिकनं आणखी एक पाऊल टाकलं. सूं करून आवाज झाला आणि त्याच्या फेट्याचा तुरा उडून धुळीत पडला. केसालासुद्धा धक्का नव्हता. कुंडलिक जागच्या जागी गोठला. लोक खदखदून हसले. पुन्हा कुंडलिकलाच.

त्याच वेळी डाव्या अंगानं गर्दीतून साळुबाई बाहेर आली. वाकलेली पाठ, डोईवर पदर. ती सरळ चालत आली. पातं तिच्यापुरतं उघडलं आणि तिच्यामागं मिटलं. तिनं दावं सोडलं, रेड्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला नदीकडे चालवू लागली.

"आये!" कुंडलिक ओरडला.

म्हातारी वळली. "माज्या गोठ्यातलं हाय. मी पाजलंय त्याला. तुला कापायचंच आसंल तर आदी मला काप, मंग त्याला." आणि ती चालत राहिली. गर्दीनं वाट दिली. पुढाऱ्याच्या आईला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

ती नदीचा उतार उतरून दिसेनाशी झाली तसा पीरमहंमदनं पट्टा थांबवला.  त्यानं पट्टा उतरवून जमिनीवर ठेवला आणि मोकळ्या हातांनी उभा राहिला. आता गलका वाढत होता. "देवीचा घास काडला!" "कोप व्हईल गावावर!" तरीही अजून सावरता आलं असतं. कुंडलिकनं एक शब्द टाकला असता, आईनं नेलं, जाऊ द्या, एवढं म्हणाला असता, तरी लोक निवळले असते. सगळे त्याच्याकडेच बघत होते. पीरमहंमदही बघत होता.

कुंडलिकनं धुळीतला तुरा उचलला. "मला वाटलं व्हतं गंडा मोटा आसतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "शेवटी पीऱ्या, तू जातीवर गेलास."

ज्या घरी एका ताटात जेवलो त्या घरातून ही भाषा आली. पीरमहंमदला राग आला नाही. मागच्या वर्षी रक्तानं चिकट झालेली ती मिठी अंगाला पुन्हा चिकटल्यासारखी वाटली, तेवढंच. तेवढ्यात मागून काठी आली. कुणी मारली ते कधीच कळलं नाही. उजव्या कोपरावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. आणखीही बसल्या असत्या, पण गावचा म्हातारा कोतवाल रखमाजी मधे पडला. त्यानं त्याला बैलगाडीत घातलं आणि वर घोंगडं टाकून मंचरच्या वाटेला लावलं. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच मागं पुन्हा ढोल सुरू झाले. दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यातून दुसरं जनावर आणलं होतं. या खेपेला कुऱ्हाड होती.

ओतूरच्या एका वैदूनं हाड बसवलं. पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही. पट्टा फिरवणं कायमचं गेलं. धार लावायचं कामही त्या हातानं होईना, तेव्हा खातून पातं धरायला शिकली आणि तो डाव्या हातानं वादी ओढू लागला. पहिल्या महिन्यात तिनं दोन वस्तरे बिघडवले आणि स्वतःचा अंगठा कापून घेतला. नंतर तिचा हात बसला. बाजारात लोक कुजबुजले, मुसलमानाची बाई रस्त्यावर बसून धार लावते म्हणून हसले, आणि मग सवयीनं गप्प झाले. तालमीची किल्ली पीरमहंमदनं जमातीच्या लोकांना देऊन टाकली. कुणी विचारलं, हाताचं वाईट वाटतं का, तर म्हणायचा, "वाटतं. पन आता त्याला कशाचीबी आटवन येत न्हाई."

साळुबाई वर्षातून एकदा, सुगी झाली की, यायची. सोबत बाजरीचं गाठोडं असायचं. खातूनशी गप्पा मारायची, दुकानाच्या पायरीवर बसून पान खायची. मुलाचं नाव कधी काढायची नाही. रेडा चांगला दांडगा झाला होता, पखालीनं पाणी वाहत होता, खोडीला मात्र वाईट, एवढं सांगायची.

नंतरच्या दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. देवापुढं मुकी जनावरं मारू नयेत म्हणून गावोगाव सभा होऊ लागल्या. बोरखिंडीतही रीत बंद पडली, आता देवीपुढं कोहळा कापत. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमारास नारायणगावला अशीच एक मोठी सभा भरली. तिच्या मंडळींनी जुन्नरला येऊन पीरमहंमदला बोलावलं. मुक्या प्राण्यासाठी ज्यानं हात गमावला त्याचा सत्कार करायचा म्हणाले. त्याला जायचं नव्हतं. खातून म्हणाली, "इतकी चांगली मानसं येवड्या लांबून आली, जावा." तो गेला.

मंडपात खुर्ची दिली, पाणी दिलं. मग निवेदकानं नाव पुकारलं. ज्यांनी आपल्या गावातली ही अमानुष प्रथा स्वतः पुढाकार घेऊन बंद पाडली ते बोरखिंडीचे कुंडलिकराव उस्तादांना हार घालतील. कुंडलिक उठला. पांढरीशुभ्र टोपी, अंगावर शाल. गुबगुबीत झाला होता. डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते खोटं नव्हतं आणि तेच पीरमहंमदला अधिक घाणेरडं वाटलं. स्वतःच्या थापेवर त्याचा आता मनापासून विश्वास बसला होता.

"पीऱ्या," तो जवळ येऊन हळू म्हणाला, "झालं गेलं इसर. आपला गंडा एक हाय."

हार घेतलेले हात पुढं आले. पीरमहंमदनं मान वाकवली नाही. कुंडलिक हात उंचावून तसाच उभा राहिला, हसू चेहऱ्यावर तसंच. पीरमहंमद लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अगदी सौम्यपणे म्हणाला, "म्हातारीच्या गळ्यात घाल. तिच्या पाया पड. म्होरल्या सुगीला ती माज्याकडं यील तवा मी तिला इचारीन." आणि वाकडा हात छातीशी धरून मंडपातून बाहेर पडला.

घरी आल्यावर खातूननं विचारलं, सत्कार कसा झाला. तो म्हणाला, "नारळ दिला न्हाई." मग चाकाजवळ बसला, डाव्या हातात वादी घेतली. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि विळ्यांचा ढीग तसाच पडून होता.

पुढच्या सुगीला साळुबाई आली. पीरमहंमदनं तिला विचारलं. ती रस्त्याकडेला पान थुंकली आणि म्हणाली, "न्हाई रं बाबा. त्याला येळ कुटं हाय?"